जुनी सागवानी आलमारी, लोखंडी कपाट की आजोळचा संदूक : मातीच्या घरासाठी काय निवडावे?

अरुणावतीकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस तालुक्यातील एका खेड्यात आहे. भिंती मातीच्या आणि दीड हात जाड, वर कवेलू. पुढच्या दोन खोल्यांत फरशी बसवली आहे, मागची खोली मात्र अजून शेणाने सारवलेलीच आहे. कपडे, आईची लुगडी आणि शालू, वडिलांची पुस्तके, सातबाऱ्यापासून पीककर्जापर्यंतची कागदपत्रे आणि हिवाळ्यातील गोधड्या हे सर्व सध्या खुंट्यांवर, पेट्यांत आणि माळ्यावर विखुरलेले आहे. दिवाळीपूर्वी ते एकदाचे नीट लावायचे असे घरात ठरले आहे. तयार मिळणारे भुशाच्या पाट्यांचे वॉर्डरोब आम्ही विचारातून काढून टाकले, कारण शेजारच्या घरी तसले कपाट पावसाळ्यात खालून फुगले आणि त्याची दारे आता बंदच होत नाहीत.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला, तालुक्यातील एका जुन्या वाड्याची वाटणी होऊन तो पाडला जात आहे, तेथील दोन दारांची सागवानी आलमारी: उंची साडेसहा फूट, रुंदी चार फूट, खोली बावीस इंच, दारांच्या वरच्या भागात काचा, खाली लाकूड, मध्ये दोन ड्रॉवर. तिचे अठरा हजार सांगितले आहेत. दुसरा, एका निवृत्त कर्मचाऱ्याकडचे जाड पत्र्याचे जुने लोखंडी कपाट, साडेसहा हजारांना. तिसरा, आजोळी पडून असलेला पाच फूट लांब सागवानी संदूक. पितळी पट्ट्यांचा, आतून हिरवा ऑइलपेंट दिलेला, तळाची एक फळी खराब झालेला. तो फुकट मिळेल.

आलमारी पाहताना नेमके काय तपासावे, ती नव्याने पॉलिश करावी की आहे तशीच ठेवावी, आणि तिन्हींपैकी आमच्या घराला काय मानवेल, याबद्दल जाणत्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वैनगंगेचा_सुतार

भाऊ, मी ब्रह्मपुरीकडचा. वडिलोपार्जित धंदा सुतारकीचा असून अलीकडे नव्या कामापेक्षा जुन्या वस्तूंची दुरुस्तीच माझ्याकडे अधिक येते. गिऱ्हाईक पहिला प्रश्न लाकूड कोणते हाच विचारते. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. वस्तू कोठे उभी राहणार, तिच्यात काय ठेवायचे आणि तिचा सांगाडा शाबूत आहे का, या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर लाकडाचे नाव कळले तरी चालते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला, तेव्हापासून तर आमच्या भागात जुने लाकूड विकणारा प्रत्येक जण आपला माल गडचिरोलीतील आलापल्लीच्या जंगलाचाच असल्याचे सांगू लागला आहे. असेलही, परंतु आलापल्लीच्या सागाची ढिल्या सांध्यांची आलमारी ही शेवटी ढिल्या सांध्यांचीच आलमारी असते.

सांगाडा असा तपासावा. आलमारी सपाट जागी उभी करून समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचे माप आणि त्याच्या उलटचे माप सारखे आले, तर चौकट काटकोनात आहे. अर्ध्या इंचाहून अधिक फरक असेल तर वस्तू एका अंगाला झुकलेली आहे, आणि दारे घासण्याचे खरे कारण बिजागरीत नसून तेथे आहे. त्यानंतर वरच्या बाजूला दोन्ही हात ठेवून हळूच डावीकडे-उजवीकडे ढकलावे. सगळी आलमारी एकजीव हलली तर ठीक; उभ्या आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात फट उघडून मिटताना दिसली तर तेथील सरस सुटला आहे. याने घाबरण्याचे कारण नाही. फेव्हिकॉल बाजारात आले ते १९५९ मध्ये. त्याआधीचे सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत, आणि तो गरम पाण्याने सुटतो. म्हणून खऱ्या जुन्या वस्तूचा सांधा न फोडता उकलता येतो आणि पुन्हा बसवता येतो. कोणी मधल्या काळात त्याच सांध्यात फेव्हिकॉल ओतून वर खिळे ठोकले असतील, तर मात्र दुरुस्ती कठीण होते. त्यामुळे सांध्याजवळ खिळ्यांची डोकी दिसतात का हे जरूर पाहावे. माझ्या लेखी ती वाळवीच्या डागापेक्षाही वाईट खूण आहे.

दारांच्या खालच्या लाकडी पॅनलकडे विशेष लक्ष द्यावे. चांगल्या कारागिराने ही फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडलेली असते, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने ऋतूनुसार फुगते आणि आकसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि पुढे दोन महिन्यांत भिंतींना ओल येते; एवढा फरक सोसायला फळीला जागा हवी. अंगठ्याने दाबल्यावर फळी किंचित हलली तर तो दोष समजू नये. उलट ती चारही बाजूंनी डिंकाने चिकटवलेली असेल, तर मध्ये उभी चीर गेलेली दिसेल किंवा येत्या उन्हाळ्यात जाईल.

आता लाकूड. पॉलिश न झालेली जागा शोधावी: ड्रॉवरचा तळ, पायांच्या खालची बाजू, मागच्या फळ्या. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो, आणि ब्लेडने बारीक खरवडले तर कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. बाहेरचा फिकट पांढरट भाग कच्चा. सागाला वाळवी लागत नाही असे जे म्हणतात ते गाभ्यापुरते बव्हंशी खरे आहे, पांढऱ्या भागाला त्याचे संरक्षण नाही. शिवाय श्रीमंतांच्या घरीही दर्शनी भाग सागाचा आणि पाठ, आतल्या फळ्या आंब्याच्या किंवा सावरीच्या, असे काम सर्रास होत असे. ती फसवणूक मानू नये, त्या काळची काटकसर होती. परंतु अठरा हजारांत पूर्ण साग मिळतो आहे की अर्धा, हे तुम्हांला माहीत असावे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरेही पाहावेत. दोन फळ्या एकमेकींत दातांसारख्या गुंतवून, ज्याला आम्ही डव्हटेल म्हणतो तो सांधा हाताने केलेला असेल, तर दात थोडे लहानमोठे असतात आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसते. मुठी आणि कड्या पितळेच्या म्हणून सांगितल्या असतील तर चुंबक लावून पाहावे. पितळेला चुंबक चिकटत नाही, वरून पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो.

पॉलिशविषयी माझे मत स्पष्ट आहे: घाई करू नये. सांध्याच्या आतल्या, नजरेआड राहणाऱ्या जागी कापसाला स्पिरिट लावून हलकेच चोळावे. थर मऊ होऊन कापूस तपकिरी झाला तर ते लाखेचे जुने फ्रेंच पॉलिश आहे. ते मशीनने घासून काढले की वर्षानुवर्षांचा रंग जातो आणि कडांचे कोरीव काम बोथट होते. आधी किंचित ओल्या मऊ फडक्याने धूळ आणि काजळी काढावी, वाळू द्यावे, आणि जेथे लाख पूर्ण गेली आहे तेवढ्याच जागी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात द्यावेत. उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाचे तेलही चालते. आपल्याकडे घाण्याचे तेल सहज मिळते. मात्र कच्चे तेल वाळायला अनेक दिवस घेते, म्हणून त्यात टर्पेंटाइन मिसळून अगदी पातळ हात द्यावा आणि जास्तीचे पुसून टाकावे. ज्या चिंधीने ते पुसले ती गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून ठेवाव्यात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, परंतु तीच विदर्भात सर्वांत जास्त आलमाऱ्या बिघडवते. उन्हाळ्यात कूलर कोठे लावता? कूलरच्या झोतासमोर आलमारी उभी असेल तर एका अंगाने लाकूड ओलसर हवेने फुगते आणि भिंतीकडची बाजू कोरडीच राहते. दारे वाकतात आणि दोष सुताराला लागतो. झोताच्या रेषेत आलमारी नको, आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीलाही ती टेकवू नये.

पांढरकवडा_गुरुजी

सुतारभाऊंचे विवेचन उत्तम आहे. त्यात मी पुस्तकांपुरती भर घालतो, कारण शाळेचे ग्रंथालय सांभाळण्यात माझी नोकरी गेली.

या आलमारीत वडिलांची पुस्तके ठेवू नयेत, असे माझे मत आहे. मध्यम आकाराची पुस्तके एक फूट लांबीत साधारण दहा किलो भरतात. चार फुटांची फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी असेल तर तिच्यावर चाळीस किलो बसतात. फळीचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे फुटामागे वजन तेवढेच ठेवून, मध्ये उभा आधार देऊन लांबी निम्मी केली, तर झोल सोळाव्या हिश्श्यावर येतो; फळीची जाडी दुप्पट केली तर मात्र आठव्या हिश्श्यावरच येतो. म्हणून जाड फळीच्या मागे लागण्याऐवजी मध्ये एक उभी पट्टी बसवणे स्वस्तही पडते आणि उपयोगीही.

त्यापेक्षा मोठी अडचण आलमारीच्या खोलीची, म्हणजे दारापासून पाठीपर्यंतच्या अंतराची आहे. पुस्तकाला दहा-बारा इंच पुरतात. बावीस इंचांत दोन रांगा लागतात आणि मागची रांग घरातून नाहीशी झाल्यासारखीच असते. बावीस इंच ही कपड्यांची खोली आहे. हँगरवर सदरा टांगला की तेवढी जागा लागतेच. तुमच्या दीड हात जाड भिंतीत जुनी फडताळे किंवा देवळ्या असतील, तर पुस्तकांचे खरे घर तेथे आहे. आत फळ्या बसवून समोर साधी काचेची दारे लावावीत. नवे फडताळ मात्र गवंड्याला विचारल्याशिवाय खणू नये. माती-विटांची भिंत वरच्या तुळयांचे ओझे वाहत असते, आणि तुळईच्या बरोबर खाली पोकळी केली तर घर तक्रार करते.

संदुकाबद्दल मी थोडा साशंक आहे. दिसायला देखणा असतो, पण त्यातील प्रत्येक वस्तू तळाशी असते. ज्या वस्तू वर्षातून एकदा काढायच्या, त्यांच्यासाठीच तो ठेवावा.

अचलपूरची_परिचारिका

गुरुजींचे शेवटचे वाक्य मला पटते, आणि म्हणूनच संदूक घ्यावा असे मी म्हणेन. गोधड्या, रजया, लग्नातील सतरंज्या, पाहुण्यांच्या चादरी या सर्व वर्षातून एक-दोनदा निघणाऱ्याच वस्तू आहेत. त्या आलमारीत कोंबल्या की रोजच्या कपड्यांना जागा उरत नाही. दोन गोष्टी मात्र आधी कराव्यात. झाकण उघडे धरून ठेवणारी साखळी किंवा दांडी बसवावी. सागाच्या पाच फुटी झाकणाखाली लहान मुलाची बोटे आली तर काय होते ते मी दवाखान्यात पाहिलेले आहे. आणि झाकण पडताच आपोआप अडकणारी कडी असेल तर ती काढून टाकावी. लपाछपीत मूल आत बसले आणि झाकण अडकले, तर आतून ते उघडत नाही.

दुसरा मुद्दा डांबराच्या गोळ्यांचा. जुने कपाट घरी आले की आपण मूठभर गोळ्या टाकून मोकळे होतो. नॅफ्थलीनच्या त्या वाफा कपड्यांत मुरतात. जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला असे कपडे किंवा दुपटी सरळ गुंडाळली, तर त्याच्या रक्तातील लाल पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून घरात बाळंतीण येणार असेल तर बाळाच्या कपड्यांचा कप्पा गोळ्यांशिवाय असावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि तो अधूनमधून बदलावा. धान्य किंवा डाळी असलेल्या कपाटात तर डांबराच्या गोळ्या कधीच नकोत.

आईच्या जरीच्या शालूंसाठी आलमारीतील मधला कप्पा चांगला. प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळावे, कारण पिशवीत ओल कोंडते आणि जर काळी पडते. घडी वर्षातून एकदा तरी वेगळ्या रेषेवर घालावी, म्हणजे एकाच जागी धागा तुटत नाही. लाकूड थेट रेशमाला लागू नये म्हणून फळीवर आधी सुती कापड अंथरावे.

अरुणावतीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा जाऊन आलमारी पाहिली. दोन्ही कर्णांत जेमतेम एका सुताचा (इंचाच्या आठव्या हिश्श्याचा) फरक आला. दर्शनी भाग आणि बाजू सागाच्या वाटतात, मागच्या फळ्या नक्कीच दुसऱ्या लाकडाच्या आहेत. मात्र त्या मागच्या फळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी बरीच भोके दिसली आणि खाली पिठासारखी पांढरट पूड होती. विकणारे म्हणतात की ती वाड्याच्या भिंतीची धूळ आहे.

अडचण उंचीचीही आहे. ज्या खोलीत ती ठेवायची तेथे माळ्याच्या तुळईखाली सहा फूट दहा इंच मोकळे आहेत, आणि घराचा दरवाजा जेमतेम पाच फूट आठ इंच. साडेसहा फुटांची वस्तू आत जाऊन उभी राहील का? शिवाय संदुकाचा आतला हिरवा रंग घासून काढू का?

वैनगंगेचा_सुतार

पूड पिठासारखी मऊ असेल तर ती धूळ नाही, घुणाचे, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे काम आहे. तो जिवंत आहे की जुना, एवढेच ठरवायचे. जुन्या भोकांच्या कडा मळलेल्या आणि काळसर असतात. ताज्या भोकाच्या कडा आणि पूड दोन्ही फिक्या, नव्या लाकडाच्या रंगाच्या असतात. आलमारी झटकून, मागच्या फळ्या ब्रशने स्वच्छ करून तिच्याखाली काळा कागद अंथरावा आणि तिला हात न लावता पंधरवडाभर ठेवावे. कागदावर नव्या पुडीच्या बारीक ढिगल्या दिसल्या तर घुण जिवंत आहे. हे सर्व पैसे देण्याआधी, त्यांच्याच वाड्यात करावे. वाडा पाडायला अजून अवधी असेल तर कोणी नाही म्हणणार नाही.

घुण आणि वाळवी यांतील फरक खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावा. आपल्याकडची वाळवी जमिनीतून येते, मातीची भुयारे करत वर चढते, आणि तिला मातीतील ओल लागते. लागण झालेली वस्तू मातीपासून तोडली, भुयारे खरवडली आणि कोरडी ठेवली, तर ती तेथेच संपते. घुण मात्र लाकडाच्या आतच राहतो आणि वस्तूबरोबर तुमच्या घरी येतो. तो बहुधा कच्च्या पांढऱ्या लाकडात आणि आंबा-सावरीसारख्या मऊ लाकडात होतो. सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. तुमच्या आलमारीत भोके फक्त मागच्या फळ्यांना असतील तर ही बाब सौदा मोडण्याची नाही, किंमत कमी करण्याची आहे. त्या फळ्या काढून जाळाव्यात आणि नव्या बसवाव्यात. मागच्या फळ्या खिळ्यांवर किंवा खाचेत असतात, त्यामुळे सांगाड्याला धक्का लागत नाही. आतल्या फळ्यांना थोडीच भोके असतील तर बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग, दोन्ही मिळून पाण्याच्या पाच-सहा टक्के, असे द्रावण करून उघड्या लाकडावर दोन-तीनदा भरपूर लावावे. पॉलिशवरून लावल्यास ते आत मुरत नाही. हातमोजे घालावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यात कपडे ठेवू नयेत. मे महिन्याच्या उन्हात आलमारी तापवून किडे मारण्याचा सल्ला तुम्हांला कोणीतरी देईलच. तो ऐकू नये; किडे मरतील की नाही ते सांगता येत नाही, सरस आणि फळ्या मात्र नक्की जातात.

उंचीचे गणित असे. साडेसहा फूट म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच, खोली बावीस इंच. आडवी आलमारी उभी करताना तिचा एक कोपरा कर्णाएवढी उंची गाठतो, आणि हा कर्ण एक्क्याऐंशी इंच, म्हणजे सहा फूट नऊ इंच येतो. तुमच्याकडे एका इंचाची सवड आहे, तीही जमीन सपाट असेल तर. मी तेवढ्यावर विसंबणार नाही. या घडणीच्या आलमाऱ्यांचा वरचा कंगोरा बहुतेक वेळा वेगळा असतो, चार खुंट्यांवर नुसता ठेवलेला किंवा आतून स्क्रूने धरलेला. शिडीवर चढून पाहावे. तो निघाला की तीन-चार इंच मोकळे होतात. दरवाजाची चिंता नको, आलमारी पाठीवर आडवी करून नेता येते. काचा मात्र आधी काढाव्यात. जुन्या काचेत किंचित लाटा दिसतात, तशी काच आता गावात मिळत नाही, आणि ती फुटली की लांब पात्यांसारखे तुकडे होतात. घरात लहान मुले असतील तर काचेला आतून पारदर्शक फिल्म चिकटवावी.

संदुकाचा रंग घासू नये, निदान कोरडा तरी मुळीच नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत नव्वद भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाची घासलेली धूळ मुलांच्या हातातोंडात जाते. रंग घट्ट बसला असेल तर तो तसाच ठेवून आतून जाड खादीचे अस्तर लावावे. पोपडे सुटत असतील तर पाण्याने भिजवून, मास्क लावून, मुले घरात नसताना ओलाच खरवडावा आणि सगळा चोथा कागदात गुंडाळून टाकावा, अंगणात झाडू नये. तळाची फळी बदलायला बिजा किंवा ऐनाचे लाकूड चालेल. सागाला साग जोडलाच पाहिजे असे नाही, पण नवी फळी नीट वाळलेली हवी.

भंडारा_पलीकडे

व्यवहाराच्या बाजूने दोन शब्द. आमच्या जिल्ह्यात गोसेखुर्द प्रकल्पामुळे गावे उठली तेव्हा घरांबरोबर आलमाऱ्या, झोपाळे, देव्हारेही विकले गेले, आणि पुढे अनेक घरांत भावाभावांची भांडणे त्यावरूनच झाली. तुम्ही ज्या वाड्याबद्दल लिहिता त्याची वाटणी चालू आहे. तेव्हा विकणाऱ्याला तसा अधिकार आहे का, बाकीच्या हिस्सेदारांची हरकत नाही ना, हे विचारून साध्या कागदावर वस्तूचे वर्णन, किंमत, तारीख आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मागून एखादी आत्या आपल्या आंदणाची आलमारी मागायला आली, तर तो कागद कामी येतो. त्याच वाड्यातून सागाच्या तुळया किंवा फळ्याही घ्यायचा विचार असेल, तर वाहतुकीपूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. सागाचे सुटे लाकूड गाडीत दिसले की नाक्यावर प्रश्न विचारले जातात.

लोखंडी कपाटाबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून सांगतो. कागदपत्रांसाठी त्याला तोड नाही: उंदीर शिरत नाही, घुण लागत नाही, आणि आत कुलपाचा वेगळा कप्पा असतो. ते अग्निरोधक मात्र नसते, तसा समज करून घेऊ नये. पाहताना फक्त खालचे सहा इंच पाहावेत. वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने फरशी पुसली की पत्रा खालूनच गंजतो आणि वरून नवा रंग मारला की तो दिसत नाही. नाण्याने टकटक करावी; भुसभुशीत आवाज आला किंवा रंगाखाली फोड जाणवले तर सोडून द्यावे. दार उघडताना उचलावे लागत असेल तर आधी कपाटाच्या पायांखाली पाचरी देऊन ते समपातळीत आणून पाहावे, कारण बहुतेक वेळा दोष दाराचा नसून जमिनीचा असतो. दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात, आणि एकच असेल तर कुलूप बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

अरुणावतीकाठ

आलमारीच्या पाठीच्या फळ्या बदलण्याच्या अटीवर चौदा हजारांत सौदा बोलून ठेवला आहे. काळा कागद आजच अंथरून आलो. कंगोरा स्क्रूवरच आहे. सह्यांच्या कागदाला त्यांच्या धाकट्या भावाने होकार दिला आहे, थोरल्यांना विचारायचे आहे. संदूक येईलच, आणि कागदपत्रांसाठी लोखंडी कपाट उद्या पाहणार आहे. एकच शंका उरली. पुढच्या खोलीत कूलर असल्याने आलमारी मागच्या सारवलेल्या खोलीत ठेवावी लागेल. तेथे वाळवीचा उपाय काय करू? आणि मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, मग ती मुलांच्या अंगावर कलंडू नये म्हणून कशाला बांधू?

वैनगंगेचा_सुतार

चारही पायांखाली, पायापेक्षा दोन-दोन इंच मोठे शहाबादी फरशीचे तुकडे समपातळीत बसवावेत आणि ती कड सारवताना झाकू नये. भुयार निघाले तर ते त्या उघड्या दगडावरूनच चढेल आणि तुम्हांला दिसेल. भिंतीपासून तीन इंच अंतर ठेवावे, म्हणजे मागे हात आणि झाडू जातो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेथे विजेरी मारून पाहावे.

बांधण्यासाठी भिंतीचा विचार सोडावा. वरची तुळई तुमच्या भिंतीपेक्षा भक्कम आहे. आलमारीच्या मागच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना, कंगोऱ्याला नव्हे तर खालच्या उभ्या खांबांना, लोखंडी पट्टी स्क्रूने लावून ती तुळईला बोल्टने धरावी. पट्टीचे भोक गोल न ठेवता उभे लांबट ठेवावे, कारण कवेलूच्या घरात तुळई पावसाळ्यात थोडी खाली-वर होते आणि तिचे ओझे आलमारीवर येता कामा नये. ड्रॉवरना मागे अडणी असल्याची खात्री करावी, आणि जड सामान सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवावे.